मागच्या पोरांचं बिल तुमच्या नावावर फाटत नाही

'तुमच्या शाळेची पोरं मागं सीट सोडून गेली, आता विलिंग्डन कॉलेजला तुमचा नंबर लागत नाही.' अकरावी प्रवेशाच्या दिवसांत सांगलीत हे हमखास ऐकू येतं. खोटं आहे. २०२५-२६ पासून हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. बघितले जातात दहावीचे गुण, आरक्षण आणि पसंतीक्रम. शाळेचं नाव कामी येतं ते इनहाऊस कोट्यात, म्हणजे शाळा ज्या संस्थेची त्याच संस्थेच्या कॉलेजात, १० टक्के जागांपुरतं.

अफवेचं मूळ मात्र खऱ्या नियमात आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश न घेणाऱ्याला पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. पण त्या एकट्यालाच, त्याच वर्षी! शाळेतल्या धाकट्यांना त्याची झळ नाही. आणि कटऑफ? तो गेल्या वर्षी शेवटी आत गेलेल्याचे गुण, एवढंच.