चॅनेलचा कौल आणि सर्वेक्षण: मुलाखतीनंतर येणारे दोन आकडे

समजा, एखाद्या माजी मुख्यमंत्र्यांची रात्री नऊला मुलाखत झाली. सीमाप्रश्नावर ते रोखठोक बोलले आणि दहाच्या आत खालच्या पट्टीत ‘७८ टक्के प्रेक्षक सहमत’ असं फिरू लागलं. पंधरा दिवसांनी एका संस्थेनं बेळगाव जिल्ह्यात माणसं पाठवून आणलेला आकडा आला, ५५ टक्के. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर दोन्ही ‘सर्व्हे’ म्हणूनच पुढे जातात आणि खोटं कोण बोलतंय यावर वाद पेटतो. खोटं बहुधा कुणीच बोलत नसतं. पहिल्या आकड्यात ज्यांना बोलायचं होतं ते मोजलेले असतात, दुसऱ्यात ज्यांना गाठून विचारलं ते.

चॅनेलचा कौल क्यूआर कोड, यूट्यूब किंवा एक्सवर घेतात. एक्सवर जास्तीत जास्त चार पर्याय आणि सात दिवसांची मुदत देता येते. मत खात्यामागे एक, माणसामागे नव्हे. दोन खाती असली की दोन मतं. मत देणारा बेळगावच्या अनगोळात बसलाय, पुण्यात की बेंगळुरूत, हे निकालात कुठंच दिसत नाही. सीमाप्रश्नाचं नाव निघालं की दोन्हीकडच्या संघटना जाग्या होतात, आणि व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात. लिंक अशा तीन-चार ग्रुपांत पडली की अर्ध्या तासात ५२ टक्क्यांचे ७८ होतात. तेवढ्या वेळात कुणाचं मत बदललेलं नसतं, लिंक कुठं पोचली एवढंच बदललेलं असतं.

‘पण पन्नास हजार लोकांनी मत दिलंय की!’ हा हमखास येणारा मुद्दा. पन्नास हजार असोत की पाच लाख, कोण आले आणि कोण आले नाहीत हे ठाऊक नसेल तर त्या आकड्यावरून जिल्ह्याबद्दल काही म्हणता येत नाही, आणि चूक किती हेही काढता येत नाही. शिवाय मत देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी पन्नास मिनिटांची मुलाखत पाहिलेलीच नसते, चाळीस सेकंदांची क्लिप पाहिलेली असते. क्लिपखालच्या व्ह्यूजवरही फार जाऊ नये. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्स नुसतं सुरू झालं तरी एक व्ह्यू धरलं जातं, किती वेळ पाहिलं याला महत्त्व नाही.

सर्वेक्षणात माणूस आपणहून येत नाही, त्याला निवडतात. आधी जिल्ह्यातली मतदान केंद्रं लोकसंख्येच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, मग प्रत्येक केंद्राच्या यादीतून ठरावीक अंतरानं नावं घ्यायची. यादी नसेल तर ठरावीक अंतरानं घरं घ्यायची आणि घरातल्या अठरा वर्षांवरच्यांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला त्यालाच विचारायचं. हे मुद्दाम केलेलं असतं, नाहीतर दार उघडणारा कर्ता पुरुषच प्रत्येक घरातून उत्तर देतो. निवडलेला माणूस भेटला नाही तर शेजारच्याला विचारून काम उरकायचं नाही, वेळ बदलून पुन्हा जायचं. नेमकं इथंच काम बिघडतं. ऊसतोडीच्या हंगामात चिकोडी-हुक्केरीकडे सकाळी अकराला गेलात तर घरी म्हातारी माणसंच भेटतात. खानापूर तालुक्यातली तरणी पोरं कामाला गोव्यात नाहीतर पुण्यात. संध्याकाळची आणि सुट्टीच्या दिवसाची फेरी नसेल तर तो सर्व्हे घरी बसणाऱ्यांचा.

आता भाषा. प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्हींत लागते, आणि एकीतून दुसरीत नेलेला प्रश्न तिसऱ्या माणसाकडून परत उलटून तपासावा लागतो. तरी विचारणारा कोण हे उरतंच. दारात कन्नड बोलणारा अनोळखी माणूस फॉर्म घेऊन उभा राहिला तर मराठी घर सीमाप्रश्नावर जपून बोलतं. मराठी विचारणारा कन्नड घरी गेला तरी तेच. म्हणून ज्या घरची जी भाषा, त्या भाषेचा माणूस पाठवतात. खर्च वाढतो, आणि बहुतेकजण नेमकी इथंच काटकसर करतात.

किती माणसांना विचारलं की पुरे? नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकून घेतला असेल तर ढोबळ हिशेब सोपा आहे: १ ला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागायचं. ४०० माणसं म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे, १,००० म्हणजे ३ च्या आसपास, २,५०० म्हणजे २. गावं निवडून मग माणसं निवडली की चूक यापेक्षा थोडी जास्तच धरायची. जिल्ह्याची लोकसंख्या या हिशेबात येतच नाही. २०११ च्या जनगणनेत ती पावणेअठ्ठेचाळीस लाखांच्या वर होती, म्हणून ४०० कमी पडतात असं नाही. कमी पडतात ते तुकडे करताना. त्याच जनगणनेत जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे एकोणीस टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे ४०० मध्ये मराठी माणसं जेमतेम ७५. त्यांच्या मताची चूक साडेअकरा टक्क्यांपर्यंत जाते. फक्त खानापूर वेगळं काढलं तर हाताशी वीस-बावीस माणसं, चूक एकवीस टक्क्यांच्या पुढे. तेव्हा ‘खानापूरचे ६० टक्के मराठी म्हणतात’ अशी ओळ जिल्ह्याच्या ४०० माणसांच्या सर्व्हेतून आली असेल तर ती वाचून सोडून द्यावी.

मग वजन देणं येतं, म्हणजे जो गट नमुन्यात कमी आला त्याची उत्तरं जास्त धरायची आणि जास्त आला त्याची कमी. ४०० मध्ये पुरुष २६०, बायका १४० मिळाल्या. पुरुषांत ६५ टक्के सहमत, बायकांत ४५ टक्के. सरळ बेरीज केली तर २३२ जण, म्हणजे ५८ टक्के. स्त्री-पुरुष निम्मे-निम्मे धरून बायकांच्या उत्तराला १.४३ आणि पुरुषांच्या उत्तराला ०.७७ नं गुणलं की ५५ येतात. हे तीन टक्के कमी केले म्हणजे लबाडी केली असं नव्हे. मात्र वजन कशाकशाचं दिलं ते छापलेलं हवं.

चांगल्या सर्व्हेचा पहिला प्रश्न ‘सहमत आहात का’ हा नसतोच. मुलाखत पूर्ण पाहिली, क्लिप पाहिली, कुणाकडून ऐकली की काहीच ठाऊक नाही, हे आधी विचारतात. नेता माजी असेल तर आणखी एक फट बुजवावी लागते. बोलणं पटलं, माणूस आवडतो आणि मत देईन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तीन प्रश्नांत विचारायच्या. सत्तेवर नसलेल्या माणसाचं कौतुक करायला काही पडत नाही. मत देणं मात्र वेगळंच. २०१३ च्या कर्नाटक विधानसभेत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेच्या) पाठिंब्यावरचे दोघे निवडून आले, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. मधे २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला एक लाखाहून जास्त मतं पडली. या काळात सीमाप्रश्नावर लोकांचं मत दर दोन वर्षांनी फिरलं असं कुणी म्हणणार नाही. मतपेटीत स्थानिक उमेदवार, पक्ष आणि एकीतली फाटाफूटही मोजली जाते.

टीआरपीचा, म्हणजे चॅनेल किती पाहिलं गेलं याच्या आकड्याचा, यात काही संबंध नाही, तरी तोही ओढला जातो. बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर बसवून चॅनेलच्या आवाजात मिसळलेली खूण पकडते आणि घरातलं कोण पाहतंय ते रिमोटच्या बटणावरून घेते. त्यावरून पाहिलं एवढं कळतं, पटलं की संताप आला ते नाही. आपल्याकडची खास गंमत अशी, की मराठी चॅनेलं मिरवतात ते आकडे सहसा महाराष्ट्र-गोवा या बाजाराचे असतात आणि बेळगावची घरं कर्नाटकच्या बाजारात पडतात. म्हणजे ‘सीमाभागानं डोक्यावर घेतलेली मुलाखत’ असं सांगताना जो आकडा दाखवला जातो त्यात सीमाभाग धरलेलाच नसतो. वृत्तवाहिन्यांचे आकडे तर ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ बंदच होते, आणि सुरू झाले ते चार आठवड्यांची सरासरी म्हणून. एकाच रात्रीच्या मुलाखतीचा हिशेब त्यातून निघत नाही.

बूम घेऊन रस्त्यावर सहा जणांना विचारणं याला तर मोजणीही म्हणू नये. बेळगावात मराठी राजाच्या नावाच्या संभाजी चौकात उभं राहायचं की कन्नड राणीच्या नावाच्या चन्नम्मा चौकात, हे ठरवलं की उत्तर निम्मं ठरलं.

ग्रुपवर आकडा आला की तारीख, माणसांची संख्या, निवडायची पद्धत, प्रश्नाचे नेमके शब्द आणि पैसे कुणी दिले एवढं शोधायचं. पद्धत लिहिलेली नसेल तर तो कौल समजायचा. निवडणूक लागलेली असेल तर तारीख दोनदा पाहावी. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर कसल्याही मतचाचणीचे निकाल दाखवायला मनाई असते. त्या दोन दिवसांत फिरणारा ‘ताजा सर्व्हे’ एकतर जुना असतो, नाहीतर त्याला धनीच नसतो.