बरोबरी कोणाशी? एका हेडफोनला दुसऱ्याचा आवाज देण्यामागची गोष्ट

दोन-अडीच हजारांचा हेडफोन घ्यायचा. त्याचा मोजणीचा आलेख, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला (जाड-बारीक सुराला) तो किती मोठा वाजतो हे दाखवणारी रेषा, शोधायचा. मग ज्याची हौस आहे पण ऐपत नाही, त्या हेडफोनचाही आलेख मिळवायचा. एकातून दुसरा वजा करायचा आणि जे उरेल ते इक्वलायझरमध्ये भरायचं. हौशी मंडळींमध्ये हा उद्योग आता इतका रुळलाय की त्यात कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटलंच तर ते दुसऱ्या टोकाच्या लोकांना वाटतं. ‘असा कुठे साध्याचा भारी हेडफोन होतो का?’ असं म्हणून ते विषय उडवून लावतात. गंमत अशी की हेडफोनच्या आवाजाबद्दल आज जे काही खात्रीने सांगता येतं, त्यातलं बरंचसं याच युक्तीने प्रयोगशाळेत सिद्ध झालं आहे.

इक्वलायझर म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून बरोबरी करणारा. मग बरोबरी कोणाशी? या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत चार-पाच वेळा बदललं.

पहिलं उत्तर टेलिफोनवाल्यांचं. तांब्याच्या लांबच लांब तारेतून आवाज पाठवला की त्यातल्या वरच्या फ्रिक्वेन्सी आधी विरतात. पलीकडे पोचतो तो घोंगडीआडून बोलल्यासारखा आवाज. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरकही कळत नाही. यावर उपाय म्हणून तारेच्या टोकाला कॉइल आणि कंडेन्सर यांची जुळणी बसवू लागले. तारेने जे कमी खाल्लं ते ही जुळणी मुद्दाम खायची. सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच अशक्त झाल्या की मग अँप्लिफायरने सगळ्यांना एकदम वर उचलायचं. एटी अँड टीमधल्या ओटो झोबेल यांचा अशा जुळण्यांच्या गणितावरचा मोठा लेख १९२८ चा आहे. तेव्हाची बरोबरी सरळ होती. अलीकडे जो बोलला, त्याच्या आवाजाशी.

पुढे हे यंत्र रेडिओ, सिनेमा आणि रेकॉर्डिंग स्टुडिओत शिरलं आणि दुरुस्तीबरोबर आवडीनिवडीचीही कामं करू लागलं. पीटर बॅक्सँडल यांचं बेस-ट्रेबलचं सर्किट १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापून आलं, आणि घरोघरच्या अँप्लिफायरवरच्या त्या दोन गोल बटणांमागे पुढे कितीतरी वर्षं तेच होतं. आमच्या टेपरेकॉर्डरवर पाच सरकपट्ट्या होत्या. त्या घरातल्या प्रत्येकाने हसऱ्या तोंडाच्या आकारात लावायच्या, म्हणजे दोन्ही टोकं वर आणि मधलं खाली, असा अलिखित नियम होता. पुढच्या यंत्रांवर ‘रॉक, पॉप, जॅझ, क्लासिकल’ अशी बटणं आली. त्यातलं क्लासिकल ख्यालासाठी नव्हतं हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

हेडफोनच्या कामासाठी मात्र सरकपट्ट्या कुचकामी. हेडफोनच्या आवाजातले उंचवटे आणि खड्डे आपल्या पट्टीच्या जागेवर येतीलच असं नाही. त्यासाठी लागतो पॅरामेट्रिक इक्वलायझर. हे नाव रूढ झालं ते जॉर्ज मॅसेनबर्ग यांच्या १९७२ च्या निबंधामुळे. यात प्रत्येक फिल्टरला तीन गोष्टी सांगायच्या. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, किती डेसिबल वर किंवा खाली, आणि किती रुंद. ही रुंदी ‘क्यू’ या आकड्याने सांगतात. क्यू मोठा तर डोंगर निमुळता, लहान तर पसरट. आज फोनवरच्या ॲपमध्ये जे फिल्टर भरतो ते हेच.

आता हेडफोनकडे. नॅथॅनियल बाल्डविन यांनी युटामधल्या आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने १९१० च्या सुमारास घेतले. बायरचा डीटी ४८ हा डायनॅमिक हेडफोन १९३७ चा. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये स्टिरिओ ऐकण्यासाठी हेडफोन बाजारात आणला. पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा, मागून उघडा असलेला सेनहायझरचा एचडी ४१४ आला १९६८ मध्ये. प्रत्येकाचा आवाज वेगळा होता, आणि यातला बरोबर कुठला हे सांगायला कुणाकडे मोजपट्टी नव्हती.

स्पीकरचं तसं नाही. चांगला स्पीकर सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या सोडतो असं ढोबळमानाने म्हणता येतं. हेडफोनला हा न्याय लागू होत नाही, कारण आपला कानच मुळात सपाट नाही. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका बाजूने उघडी, दुसऱ्या बाजूला पडदा. एका टोकाने बंद असलेल्या बासरीसारखीच ती तीन किलोहर्ट्झच्या आसपास घुमते. त्यात कानाच्या पाळीची आणि डोक्याची भर पडते. समोरच्या स्पीकरचा सपाट आवाज पडद्यापर्यंत पोचतो तेव्हा त्या भागात दहा-पंधरा डेसिबलचा डोंगर झालेला असतो. मेंदूला जन्मापासून त्याचीच सवय. हेडफोन डोक्याला वळसा घालून थेट कानावर बसतो, म्हणून त्या डोंगराचा मोठा भाग त्याला स्वतःच पुरवावा लागतो. हेडफोन मोजमापात सपाट केला तर तो कानाला बोदा लागतो.

डोंगर किती उंच ठेवायचा यावरच पुढची सगळी भांडणं झाली. एक मत असं की प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत नाकासमोर ठेवलेला स्पीकर जसा ऐकू येईल, तसा हेडफोन ऐकू यावा. म्यूनिकच्या प्रसारण-तंत्र संस्थेतल्या ग्युंटर थाइले यांनी १९८६ मध्ये वेगळी बाजू मांडली. हेडफोनमधला आवाज समोरून आल्यासारखा वाटतच नाही, मग समोरच्या दिशेचे संस्कार त्यावर कशाला? सगळ्या दिशांनी सारखाच आवाज येणाऱ्या खोलीशी बरोबरी करा. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने स्टुडिओच्या हेडफोनसाठी हीच मोजपट्टी सुचवली. मोजण्यासाठी सोय आधीच झालेली होती. श्रवणयंत्रांच्या चाचणीसाठी १९७२ मध्ये केमार नावाचा पुतळा तयार झाला होता, सरासरी माणसाचं डोकं-धड आणि कानात मायक्रोफोन असलेला.

कागदावर सगळं ठीक होतं, पण ऐकणाऱ्यांना ते रुचेना. नोकियामध्ये असताना गाएतां लोर्हो यांनी २००९ मध्ये लोकांनाच ऐकवून विचारलं. निष्कर्ष असा की तीन किलोहर्ट्झचा बारा डेसिबलचा डोंगर लोकांना नको होता, तीनेक डेसिबलचा टेकाड पुरे होता.

इथे एक आडवाट घ्यायला हवी, कारण ‘एकाला दुसऱ्यासारखं करणे’ ही कल्पना हेडफोनवाल्यांची नाहीच. १९८५ मध्ये अमेरिकेतले अँप्लिफायर बनवणारे बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिलं की तुम्हाला आवडणारा कुठलाही महागडा अँप्लिफायर द्या, मी माझा स्वस्तातला तसाच वाजवून दाखवतो. मासिकवाल्यांनी एक भारी व्हॉल्व्ह अँप्लिफायर पुढे केला. कार्व्हर यांची रीत साधी आणि निर्दय होती. दोन्ही अँप्लिफायरना एकच संगीत द्यायचं आणि त्यांचे आउटपुट एकमेकांतून वजा होतील असे जोडायचे. जे उरेल तो फरक. तो उरलेला आवाज ऐकत, सर्किटमध्ये फेरफार करत, फरक जवळजवळ शून्यावर आणायचा. शेवटी परीक्षकांना दोघांत भेद करता आला नाही. भक्तांना हे पचलं नाही, हेही ओघाने आलंच. पण बरोबरीचा अर्थ इथे पहिल्यांदा उघडपणे बदलला. मूळ आवाज नाही, आदर्श खोली नाही, नुसता शेजारचा डबा.

हीच वजाबाकी हेडफोनच्या शास्त्रात आली ती स्पीकर-हेडफोन बनवणाऱ्या हरमन कंपनीत, कॅलिफोर्नियात. शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि सहकाऱ्यांना लोकांना नेमका कुठला आवाज आवडतो हे ब्रँड न दाखवता तपासायचं होतं. स्पीकर पडद्याआड ठेवता येतो. हेडफोन डोक्यावर असतो. त्याचं वजन, कानांवरचा दाब, गादीचं कापड की कातडं, यावरूनच माणूस ओळखतो की हा कुठला आणि केवढ्याचा. सुरुवातीच्या एका चाचणीत सहा हेडफोन होते. प्रयोग करणारा माणूस मागे उभा राहून ऐकणाऱ्याच्या डोक्यावर ते एकेक चढवायचा. हात लागून ओळख पटू नये म्हणून त्यांना प्लॅस्टिकच्या हलक्या मुठी लावल्या होत्या. एवढं करूनही वजन लपत नाही, आणि बदलायला जो वेळ जातो तेवढ्यात आधीचा आवाज आठवणीतून पुसट होतो.

म्हणून त्यांनी २०१३ मध्ये दुसरा मार्ग मांडला. सगळ्यांच्या डोक्यावर एकच हेडफोन. बाकीच्या हेडफोनांचे आवाज मोजून, त्यांचे फिल्टर करून, या एकाच हेडफोनमधून वाजवायचे. ऐकणारा बटण दाबतो आणि क्षणात ‘हेडफोन’ बदलतो. खरे हेडफोन चढवून घेतलेल्या चाचणीशी हे निकाल ताडून पाहिले तेव्हा मेळ पुष्कळ चांगला बसला. म्हणजे हेडफोनच्या आवाजाबद्दल लोकांचं जे मत होतं त्याचा मोठा हिस्सा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्समध्येच, म्हणजे मोजणीच्या त्या आलेखातच, सापडला, चुंबकात, डायफ्रामच्या द्रव्यात किंवा चांदीच्या वायरीत नाही. हरमनच्या मोजपट्टीमागच्या पुढच्या मोठ्या चाचण्या याच पद्धतीवर उभ्या आहेत. ती मोजपट्टी म्हणते की चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरशी बरोबरी करा, खालचा बेस थोडा उचला.

२०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांच्या मोजणीचा अभ्यास छापला. त्यात किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांचा काही संबंध सापडला नाही. दुकानदाराने ही बातमी भिंतीवर लावल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

यानंतर हे तंत्र हौशी लोकांच्या हाती पडणं अटळ होतं. विंडोजसाठी इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळत होतंच. लॅटव्हियातली सोनारवर्क्स स्टुडिओवाल्यांना हेडफोन सुधारून देणारं सॉफ्टवेअर विकत होती. फिनलंडच्या याक्को पासानेन यांनी ऑटोइक्यू नावाचा प्रकल्प खुला केला. त्यात ठिकठिकाणच्या मोजण्या गोळा करून हजारो हेडफोनांसाठी फिल्टर आयते काढून ठेवले आहेत. बहुतेक लोक ते हरमनच्या रेषेकडे जाण्यासाठी वापरतात. पण लक्ष्याच्या जागी रेषेऐवजी दुसऱ्या हेडफोनचा आलेख ठेवला की गणित तेच राहतं.

किंबहुना ते सोपं होतं. आदर्श काय हा वाद इथे उरतच नाही. शिवाय तराजूला पासंग असला तरी बिघडत नाही. मोजणीचा नकली कान थोडा चुकीचा असला, तरी दोन्ही हेडफोन त्याच कानावर मोजलेले असतील तर चूक दोन्हीकडे जवळपास सारखी येते आणि वजाबाकीत निघून जाते. समजा तीन किलोहर्ट्झला आपला हेडफोन ६ डेसिबल दाखवतो आणि हवा तो १० दाखवतो. खरे आकडे ८ आणि १२ असले तरी भरायचे चारच. मात्र एकाचा आलेख एका यंत्रावरचा आणि दुसऱ्याचा भलत्याच यंत्रावरचा घेतला, तर आपण हेडफोनांतला फरक नाही, यंत्रांतला फरक वाजवत बसतो. ही चूक फार जण करतात. मीही केली आहे.

ही वजाबाकी कुठे तुटते तेही माहीत हवं. आठ-नऊ किलोहर्ट्झच्या वर लाटा इतक्या आखूड असतात की हेडफोन कानावर थोडा सरकला तरी डोंगराच्या जागी खड्डा येतो. तिथले निमुळते चढउतार नकलू नयेत. बेस दहा डेसिबल उचलणं म्हणजे तिथे दहापट शक्ती मागणं. स्वस्त हेडफोनचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, मग फाटका वाजतो. फिल्टरने काही उचललं असेल तर एकूण पातळी तेवढीच खाली घ्यावी लागते, नाहीतर डिजिटल सिग्नल वरून कापला जातो. आणि सेनहायझर एचडी ८०० सारख्याचा मोठा, तिरका बसवलेला ड्रायव्हर आपल्या पाळीवर जसा आवाज टाकतो, तसा कानाला चिकटलेला छोटा ड्रायव्हर टाकू शकत नाही. तिथली ऐसपैस जागा अर्धीमुर्धीच हाती लागते.

मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी जुळवतात, तेव्हा तारेतून नवे उपस्वर उमलतात. इक्वलायझरला ते जमत नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेच तो कमी-जास्त करतो.

हे सगळं एका रविवारी घरी करून पाहिलं. बंद प्रकारचा जुना हेडफोन, आणि त्याला मित्राकडून आणलेल्या उघड्या हेडफोनसारखं करायचं. एकाच यंत्रावरचे दोन आलेख मिळाले, सात फिल्टर झाले. दोघांची पातळी नीट जुळवून घेतली, कारण अर्धा-एक डेसिबल मोठं वाजणारं नेहमीच ‘बरं’ वाटतं. तंबोरा आणि आवाज तासाभरात इतका जवळ आला की डोळे मिटल्यावर माझा गोंधळ होऊ लागला. तबल्याची चाट जुळली. डग्गा काही केल्या जुळेना. त्याचा घुमारा आलेखानुसार यायला हवा तितका येतच नव्हता. आणखी तीन डेसिबल भरले, मग आणखी दोन. शेवटी लक्षात आलं की चष्म्याची दांडी गादीखाली फट पाडते आहे आणि सगळा बेस तिथून गळतो आहे. उघड्या हेडफोनला फटीचं फारसं सोयरसुतक नसतं, बंद हेडफोनचा जीव त्या फटीत असतो, आणि मोजणीच्या पुतळ्याला चष्मा नव्हता. चष्मा काढला तर डग्गा धबधब्यासारखा कोसळला. वाढवलेले पाच डेसिबल आता काढायला हवे होते, पण चष्म्याशिवाय स्क्रीनवरचे आकडे दिसत नव्हते.