गुदसंभोगाआधीची स्वच्छता: किती पुरे, किती घातक

गुदसंभोगाआधी आतून साफसफाई करायची का, कशी करायची, हे विचारायचं कोणाला? उदगीर किंवा माजलगावसारख्या गावात मेडिकलवाला घरच्यांच्या ओळखीचा असतो आणि डॉक्टर चुलत्यांचे मित्र. मग नवरा-बायको असोत की दोन पुरुष, न्हाणीघरात मनानंच प्रयोग होतात. साबणाचं पाणी, लिंबू, टोपणभर जंतुनाशक. इजा होते ती यातूनच, म्हणून यावर उघड बोलायलाच हवं.

आधी रचना बघू. गुदद्वाराच्या आत तीनचार सेंटीमीटरची नळी, तिच्यापुढे 12 ते 15 सेंटीमीटरचा गुदाशय. मळ एरवी त्याच्याही वर, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणात थांबलेला असतो. तो खाली उतरला की संडासला लागते. पोट नीट साफ झालं की गुदाशय जवळजवळ रिकामाच राहतो. त्यामुळे बहुतेकांना संडासला जाऊन आल्यावर थोडा वेळ जाऊ देणं आणि बाहेरून कोमट पाण्यानं धुणं एवढंच पुरतं. साबण सौम्य, तोही फक्त बाहेर. खरी तयारी ताटात होते: ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी. आणि पाणी. एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघत जपून पाणी पिणाऱ्यांचा मळ खडा होतो, पोट अर्धवट साफ होतं आणि गुदद्वाराला चिराही पडतात.

तरीही आतून धुवायचंच असेल, तर अस्तराचा विचार करा. योनीच्या अस्तराला पेशींचे अनेक थर असतात. गुदाशयाला एकच, वर चिकट श्लेष्माचा लेप. साध्या पाण्यात क्षार फारच कमी, त्यामुळे ते पेशींत शिरतं, पेशी फुगतात आणि सुटून पडतात. साबणाच्या एनिम्यानं तर आतड्याला सूज येऊन रक्त पडू शकतं. त्यापेक्षा मिठाचं पाणी बरं: उकळून कोमट केलेल्या एका लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, सलाईनच्या बाटलीत असतं तेच प्रमाण. ड्रममध्ये साठवलेलं पाणी न उकळता वापरू नका. मऊ रबरी बल्बच्या टोकाला वंगण लावून साधारण 200 मिलिलिटर पाणी हळूहळू सोडायचं, थोड्या वेळानं बाहेर टाकायचं आणि नंतर तासभर थांबायचं. जास्त पाणी घेतलं तर ते वरच्या वळणात पोचतं आणि तिथला मळ खाली ओढून आणतं. बाथरूममधला जेट स्प्रे आत कधीच नको, त्याच्या दाबाचा भरवसा नाही. आणि हे रोजचं काम नव्हे. वारंवार धुतलं की श्लेष्मा निघून जातो आणि जंतूंना वाट मोकळी होते.

ही वाट किती मोकळी असते, ते आकड्यांतून कळतं. जोडीदार एचआयव्हीबाधित असून उपचार घेत नसेल आणि कंडोम नसेल, तर आत घेणाऱ्याला लागण होण्याचा अंदाज 10,000 संबंधांमागे 138; योनीसंबंधात तो 8. म्हणून कंडोम हवाच. गुदाशयात पुरेसा ओलावा येत नाही, तेव्हा पाण्यावर आधारित, म्हणजे तेल नसलेलं वंगणही हवं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटतो. गुदद्वारातून योनीकडे वळताना कंडोम बदला. बधिर करणारं मलम नको: दुखणं ही थांबण्याची खूण आहे, आणि जोडीदार नको म्हणाला किंवा म्हणाली की विषय तिथंच संपतो.

कंडोम फाटलाच तर घाबरून घरी बसू नका. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. तिथं एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. दोन प्रौढ पुरुषांचा संमतीचा संबंध 6 सप्टेंबर 2018 पासून गुन्हा राहिलेला नाही, त्यामुळे डॉक्टरांना खरं सांगायला कचरू नका. जायच्या आधी कोणाशी बोलावंसं वाटलं, तर 1097 ही सरकारी एड्स हेल्पलाइन मोफत आहे.