पेन नवं, टॅब जुना

नाशिकला महात्मा गांधी रोडवरच्या कुठल्याही मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात टॅबसाठी पेन मागा, पहिलं पुढे येतं ते 'सगळ्याला चालतं' असं पेन. दुकानदार खोटं बोलत नाही. ते खरंच सगळ्याला चालतं, कारण टॅबच्या लेखी ते पेन नसतंच, बोट असतं.

टॅबच्या काचेखाली पारदर्शक वीजवाहक रेषांची जाळी असते. दोन रेषांमध्ये साधारण ४ ते ५ मिलिमीटर अंतर. बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, किंचित बदलते आणि शेजारच्या रेषांवरचा फरक मोजून टॅब जागा ठरवतो. बारीक टोकाने पडणारा फरक इतका किरकोळ, की टॅब तो सोडूनच देतो. म्हणून स्वस्त पेनांना जाड रबरी टोक लागतं. काही पेनांत बॅटरी असते आणि टोक बारीक असतं, पण तेही बोटाचंच सोंग. हात किती दाबला हे कळत नाही, आणि लिहिताना तळहात टेकला की त्याचीही रेघ उमटते.

खऱ्या पेनाचा अर्धा भाग टॅबच्या आत असतो. वाकॉम कंपनीची पद्धत बघा. सॅमसंगने २०११ च्या गॅलेक्सी नोट या मोठ्या फोनपासून तीच वापरली. इथे स्क्रीनच्या मागे तारांचा आणखी एक थर असतो. तो क्षणभर चुंबकीय लहरी सोडतो आणि लगेच गप्प होऊन ऐकत राहतो. पेनात तारेचं एक वेटोळं आणि वीज साठवणारा एक छोटा भाग, कपॅसिटर. एका सुरात लावलेल्या दोन तंबोऱ्यांपैकी एकाची तार छेडली की दुसऱ्याची आपोआप थरथरते, तसं हे वेटोळं त्या लहरींनी जागं होतं आणि उत्तर देतं. टोक दाबलं की सूर जरासा सरकतो. त्यावरून दाब कळतो. रेघ काढायला पेनात बॅटरी लागत नाही. काचेवर पाण्याचे थेंब पडले तरी पेन फारसं बिचकत नाही, हे श्रावणात गोदाघाटावर स्केच करणाऱ्यांच्या कामाचं. पण तो मागचा थरच टॅबमध्ये नसेल, तर कितीही महागडं पेन आणा, काचेवर नुसती काडी फिरवल्यासारखं.

ॲपलचं गणित वेगळं आणि, माझ्या मते, जरा त्रासदायक. त्यांच्या पेनाचं नाव पेन्सिल. पहिली पेन्सिल २०१५ ची, पण साध्या आयपॅडला ती चालायला लागली २०१८ च्या सहाव्या पिढीपासून. त्याआधीच्या साध्या आयपॅडवर ही पेन्सिल चालतच नाही. चुंबकाने चिकटणारी दुसरी पेन्सिल २०१८ मध्ये आली, आणि २०२४ च्या, एम४ चिप असलेल्या आयपॅड प्रोवर ती चालत नाही. म्हणजे टॅब बदलला की चांगलं चालणारं पेनही बाद! २०२३ ची यूएसबी-सी पेन्सिल त्यातल्या त्यात स्वस्त, पण तिला दाब कळत नाही. चित्रकाराने घेताना हे नीट बघावं.

मग टॅब कधी बदलायचा? पीडीएफवर खुणा करायच्या, सही करायची, एवढंच असेल तर बदलूच नका. वर्गाच्या नोट्स काढायच्या असतील आणि आयपॅड २०१८ किंवा त्यानंतरचा असेल, तर दुसऱ्या कंपन्यांची स्वस्त पेनं पुरतात; तळहात टेकला तरी चालतो, दाब मात्र मिळत नाही. आर्किटेक्चर, सुलेखन, चित्रं यांसाठी दाब हवाच, आणि टॅबमध्ये ती सोय नसेल तर पेनावर पैसे घालण्यात अर्थ नाही. रेघ पेनाच्या मागे रेंगाळते ही तक्रारही बहुतेकदा टॅबचीच. जुना स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका चित्राला जवळपास १७ मिलिसेकंद. १२० वेळा बदलणाऱ्यावर तो वेळ निम्मा. सुरक्षा अपडेट थांबले आणि रोजची ॲपं बसेनाशी झाली, तर पेन असो वा नसो, टॅबची सद्दी संपली.

जुना टॅब विकत घेताना सेटिंगमधला मॉडेल नंबर बघा, कारण एकाच नावाच्या मालिकेतल्या एका टॅबला पेन चालतं आणि दुसऱ्याला नाही. मग दुकानातच, काचेला हलकेच पट्टी लावून एक तिरकी रेघ सावकाश ओढा. पट्टी सरळ असून रेघ नागमोडी आली, तर त्या टॅबवर अक्षरही तसंच येणार.