गोव्याहून आल्या आल्या डी-टॅन का करून देत नाही

सोमवारी पार्लर उघडायच्या आत फोन वाजतो: "काल रात्री गोव्याहून आलो, आज डी-टॅन (उन्हाने आलेला काळपटपणा काढणं) करून मिळेल का?" आज नाही मिळणार. आठ-दहा दिवसांनी मिळेल. सुट्ट्या लागल्या की हाच प्रश्न रोज येतो, म्हणून कारण एकदाच छापून ठेवलं आहे.

दिवसभर कलंगुटच्या वाळूत काढला की कातडी नुसती काळवंडत नाही, भाजतेही. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे "टॅनच तर झालंय" असं वाटतं. खरी खूण हाताला कळते. कपाळ, नाकाचा शेंडा, खांदे गरम लागतात, साबण झोंबतो, ओढणी घासली तरी चुरचुरतं. ही जळजळ १२ ते २४ तासांत सगळ्यात जास्त असते, म्हणजे नेमकी तुम्ही आमच्या खुर्चीत बसायला येता तेव्हा. पुढे काही दिवसांत साल निघायला लागते. ब्लीचच्या क्रीममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, डी-टॅनच्या बऱ्याच पॅकमध्ये सौम्य ब्लीच नाहीतर लॅक्टिक आम्ल. भाजलेल्या कातडीवर हे लावलं तर आग होते, कधी फोड येतात, आणि मागे राहणारे डाग टॅनपेक्षा गडद असतात. ते जायला महिने लागतात. टॅन मात्र आपोआप फिका पडतो, कारण वरची कातडी साधारण चार आठवड्यांत नवी होते.

दुसरीकडे लगेच करून देतात, हे ठाऊक आहे. तपासून परत पाठवलं की आमची खुर्ची तासभर रिकामी राहते आणि तुमची फेरी फुकट जाते. तेव्हा फोनवरच सांगा: उन्हातून कधी आलात आणि झोंबतंय का.

तोवर घरी गार पाण्याची ओली पट्टी ठेवा (बर्फ थेट नको), दिवसातून तीन-चार वेळा बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. सुटलेली साल ओढू नका, स्क्रब नको. बेसन-लिंबूही नको. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर चट्टे उठतात, फोडसुद्धा येतात. किनाऱ्यावर लिंबू सोडा पिळून घेतलात तरी हात धुवून मगच उन्हात जा. मोठे फोड आले, ताप किंवा थंडी वाजली तर पार्लर नाही, डॉक्टर.

जाण्याआधीचा घोटाळा वेगळा. निघायच्या आदल्या संध्याकाळी वॅक्सिंग, फेशियल, ब्लीच सगळं एकदम हवं असतं. वॅक्सिंगनंतर केसांची मुळं उघडी असतात. त्यावर खारं पाणी, घाम आणि वाळू लागली की पुरळ आलंच. वॅक्सिंग किमान दोन दिवस आधी, फेशियल-ब्लीच आठवडाभर आधी उरका. रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक आम्लाचं क्रीम लावत असाल तर चार-पाच दिवस आधी बंद करा. वांगासाठी डॉक्टरांनी क्रीम दिलं असेल तर मात्र त्यांनाच विचारा.

आता सनस्क्रीन. लावतात सगळ्या, पण कुंकवाएवढं. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, एवढं एका वेळचं माप. कान, मानेची मागची बाजू, केसांचा भांग आणि पायाचा वरचा भाग हमखास राहून जातो. चपलांच्या पट्ट्यांचे ठसे त्यातूनच उठतात. सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब चौघांनी नेली आणि अर्धी परत आणली, तर ती लावलीच नाही असं समजा. उन्हात जायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, मग दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर येऊन अंग पुसलं की लगेच परत. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारी) किरणं अडवतं, ५० जेमतेम ९८. महागडा आकडा घेऊन थोडं लावण्यापेक्षा तीसचं भरपूर लावा. फक्त पीए+++ (यूव्हीए, म्हणजे काळवंडवणाऱ्या किरणांपासून बचावाची खूण) असलेलं बघून घ्या, कारण गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाटात गाडीच्या बंद काचेतूनही यूव्हीए किरणं आत येतात. ट्यूब तापलेल्या गाडीत ठेवू नका, औषधाचा गुण जातो.

उटीला गार वाटतं म्हणून सनस्क्रीन घरी ठेवणाऱ्याही बऱ्याच जणी आहेत. उंची हजार मीटरनं वाढली की यूव्ही साधारण दहा टक्क्यांनी वाढतं, आणि उटी २,२०० मीटरच्या वर आहे. तिथं कोरड्या थंडीसाठी जाडसर क्रीम न्या. गोव्याच्या दमट हवेत तेच क्रीम चिकट होतं, तिथं जेल बरं.

आमच्याकडे ५० आणि १०० ग्रॅमच्या ट्यूब मिळतात. मेडिकलमधून आणलीत तरी हरकत नाही. घेताना मुदत बघा. नवीन असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा.

मे महिन्यात लग्नं आणि सुट्ट्या एकदमच येतात. सहलीनंतर आठवड्याच्या आत घरचं लग्न असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच दोन्ही तारखा सांगा. केस, मेंदी, पेडिक्युअर करून देता येतं. भुवया मात्र कपाळाची साल निघत असेल तर धाग्याने करत नाही. जाण्याआधी करून घ्या.