सांदवाडीतलं खत: उकंड्यापासून नाडेपपर्यंत

होळी झाली की आमच्याकडे सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसबागेत, हालचाल सुरू होते. वांग्याच्या वाफ्याची जागा ठरते, दोडक्या-वालाच्या वेलांना मांडव हवा असतो आणि मग दरसालचं गाऱ्हाणं येतं: खत नीट कुजलंच नाही. कोणाच्या खताला वास मारतो, कोणाच्या टोपल्यात हुमणीच्या पांढऱ्या अळ्या निघतात. त्यावर दरसालचं उत्तरही ठरलेलं, "नाडेप भरा ना बाप्पा." हा शब्द कृषी विभागाच्या घडीपत्रकांवर इतका छापला गेला आहे, की पुष्कळांना ते एखाद्या सरकारी योजनेचं लघुरूप वाटतं. प्रत्यक्षात ते एका माणसाचं नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे ना. दे. पां. रोमन अक्षरांतून फिरून आल्यामुळे 'दे'चा 'डे' झाला असावा. लोक त्यांना नाडेप काकाच म्हणत.

पण त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खताच्या टाक्याची गोष्ट पुसदला सुरू होत नाही. त्याआधी उकंडा, म्हणजे उकिरडा, होता.

कोठ्यातलं (गोठ्यातलं) शेण, गुरांनी पायदळी तुडवलेलं कुटार, चुलीची राख आणि घरातला केर रोज एकाच ढिगावर पडायचा. वर्षभर ऊनपाऊस खाऊन उन्हाळ्यात तो उपसायचा आणि मृगाआधी बंड्या भरून शेतात न्यायचा. यात दोन घाटे होते. ढीग वरून वाळायचा आणि आत दाबून बसायचा. आत हवा नाही, त्यामुळे कुजण्याऐवजी सडायचा. वास येतो तो त्याचाच. शिवाय उघड्यावरच्या ढिगातला नत्र थोडा उन्हात उडून जायचा, थोडा पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जायचा. शेणाचा मोठा वाटा तर ढिगापर्यंत पोचायचाच नाही, त्याच्या गोवऱ्या व्हायच्या. 'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' असं आपण म्हणतो, पण ती खरोखर फिटायला लागली ती शेजारच्या इंदूरहून आलेल्या एका पद्धतीमुळे.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. या संस्थेला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा पैसा होता, म्हणजे मूळ काम कापसाचं. तिथं त्यांच्यापुढे जो प्रश्न आला तो वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे: पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आणि तुराट्या कुजत नाहीत, त्यांचं करायचं काय? हॉवर्डनी त्या शेतातल्या गाडीरस्त्यावर पसरल्या. चाकांखाली भरडून निघाल्या की गुरांखाली अंथरायच्या आणि मग शेण, राख, गोमूत्र मुरलेली कोठ्यातली माती यांच्यासोबत थर देऊन रचायच्या. यंत्र नाही, खर्च नाही. मला या सगळ्या इतिहासात ही युक्ती सर्वांत आवडते.

इंदूर पद्धतीचं मर्म मात्र ढीग पलटण्यात आहे. पहिल्यांदा साधारण पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी ढीग वरखाली करायचा, म्हणजे आत हवा जाते. ढीग तापतो, हात घालवत नाही इतका, आणि तीन महिन्यांत खत तयार होतं. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी हे सगळं पुस्तकरूपाने मांडलं.

इंदूरहून ते विदर्भात आलं वर्ध्याच्या वाटेने. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याची मगनवाडी त्याचं केंद्र झाली आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा कामाला लागले. एप्रिल १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेले, तेव्हा त्यांनी ही संस्थाही पाहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकात इंदूर पद्धतीची माहिती छापून आली. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई वगैरे मंडळी सकाळी बादल्या घेऊन गल्ल्या साफ करत, तेही याच सुमारास. मैला खड्ड्यात टाकायचा, मातीने झाकायचा आणि त्याचं सोनखत करायचं हा विचार त्यामागे होता. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले आणि खताचे खड्डे आश्रमाच्या दिनक्रमात शिरले. कंपोस्ट हा शब्द विदर्भात कृषी खात्याइतकाच आश्रमांमधून रुळला, असं माझं मत आहे.

तरी गावोगाव ते टिकलं नाही. कारण सरळ आहे, ढीग पलटायला माणसं लागतात. दोन-तीन टन ओला ढीग तीनदा उलटायचा आणि तोही नेमका निंदणाच्या किंवा वेचणीच्या दिवसांत, हे कोण करणार? १९३९ च्या सुमारास बंगळूरला आचार्य नावाच्या शास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढली. खड्डा भरायचा, मातीने लिंपायचा आणि विसरायचं. कष्ट वाचले, पण आत हवा नसल्यामुळे मुदत लांबली. नगरपालिकांना ती सोयीची होती, परसबागेला नाही.

पांढरीपांडे याच परंपरेतले, गांधीविचाराने काम करणारे. त्यांचं डोकं चाललं ते इथं: ढीग हलवायचा नसेल तर हवाच ढिगापर्यंत आणावी. म्हणून विटांचं टाकं, आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, नऊ इंची भिंत आणि तिला जाळीसारखी भोकं. विटांच्या दोन ओळी सलग, तिसरी भोकांची, असं वरपर्यंत.

भरणंही तितकंच मोजून. सहा इंच काडीकचरा, त्यावर चार किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं आणि त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली कोरडी माती. असे दहा-बारा थर एक-दोन दिवसांत उरकायचे, वर झोपडीसारखा उतार द्यायचा आणि शेणमातीने लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत माल टाक्याच्या काठाखाली आठ-नऊ इंच बसतो. मग पुन्हा भरायचं, पुन्हा लिंपायचं. भेगा पडल्या की बुजवायच्या, ओल टिकवायची. तीन-चार महिन्यांत साधारण तीन टन खत निघतं आणि पूर्ण टाक्याला शेण लागतं जेमतेम शंभर किलो. ज्या घरात एकच गाय आहे आणि तिच्या शेणाच्या गोवऱ्या थापल्याशिवाय चूल पेटत नाही, त्या घरासाठी हा आकडा मोठा दिलासा होता.

मातीचा थर लोकांना वजन वाढवायची लबाडी वाटतो. मीही पहिल्या वर्षी तो निम्म्यावर आणला होता, चाळणीचाही कंटाळा केला. चार महिन्यांनी आत पऱ्हाटी जशीच्या तशी, कोरडीठाक. माती ओल धरून ठेवते, उडून जाणारा नत्र पकडते आणि कुजवणारे जिवाणू घेऊन येते, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून पऱ्हाटी बोटभर लांबीचे तुकडे केल्याशिवाय टाक्यात जात नाही.

टाकं सरकारी अनुदानात गेलं आणि जे व्हायचं तेच झालं. टाकी बांधली गेली, भरली गेलीच असं नाही. काहींत आज सरपण ठेवलेलं दिसतं. मधल्या काळात गांडूळखत आलं. त्यापाठोपाठ अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर जीवामृत घेऊन आले. दहा किलो देशी गायीचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती आणि दोनशे लिटर पाणी, हे एका एकराला. सांदवाडीसाठी याचा विसावा भाग पुरतो: दहा लिटर पाणी, अर्धा किलो शेण, शंभर-शंभर ग्रॅम गूळ-बेसन. २०१६ मध्ये पाळेकरांना पद्मश्री मिळाली. कंपोस्टचे ढीग आणि विकतचे गांडूळ दोन्ही त्यांना मान्य नाहीत, त्यामुळे नाडेपवाले आणि जीवामृतवाले एकत्र बसले की चहा थंड होतो. माझ्या वाडीत दोन्ही चालतं. वांग्याने अजून तक्रार केलेली नाही.

विटा महाग झाल्यापासून टाक्याचं रूप बदललं आहे. काही जण जमिनीवरच ढीग रचून लिंपतात, त्याला भू-नाडेप म्हणतात. ज्यांच्याकडे तेवढी जागा नाही ते रंगाच्या जुन्या ड्रमला चहूबाजूंनी भोकं पाडून घेतात. आमच्याकडे चार खुंट रोवून तुराट्यांचा कूड उभा केला आहे. फटी आपोआपच राहतात. दोन पावसाळ्यांत तो कूड खिळखिळा होतो. मग त्याच तुराट्या तोडून आत टाकायच्या आणि नव्या तुरीची कापणी झाली की दुसरा कूड बांधायचा.