राखाडी बटणामागचा आकडा

माझी भाची इंदूरला विजयनगरच्या एका कॉल सेंटरात रात्रपाळी करते. परवा पोहे खाताखाता तिनं विचारलं, "मामा, घंटी वाजत असताना स्क्रीनवरचं 'होल्ड'चं बटण राखाडी का असतं? कोण ठरवतं हे?"

ठरवतो एक आकडा. संगणकात तो 0 आणि 1 च्या रांगेत लिहितात; त्यातला एकेक बिट, म्हणजे एकेक 0 किंवा 1, एकेका बटणाचा. 1 असेल तर बटण चालू, 0 असेल तर बंद.

ही युक्ती टेलिफोनवाल्यांची नव्हे. 1970च्या दशकातल्या युनिक्स या संगणकप्रणालीत फाइल वाचायला 4, लिहायला 2, चालवायला 1 असे अंक होते. फाइलीचे अधिकार ठरवणाऱ्या सीएचमॉड या आज्ञेतला 6 म्हणजे वाचणं आणि लिहिणं. 1993 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलनं आणलेल्या टॅपीत, म्हणजे संगणकातून फोन चालवायच्या नियमावलीत, हाच हिशेब कॉलला लागला: उचलणं 4, तोडणं 128, होल्ड 2048. समजा घंटी वाजताना आकडा आला 132, म्हणजे 128 अधिक 4. त्याचं 2048शी 'अँड' केलं, म्हणजे दोन्हींत 1 असलेले बिटच ठेवले, की उरतं शून्य, म्हणून होल्ड राखाडी. फोन उचलल्यावर आला 2176, म्हणजे 2048 अधिक 128, की होल्ड जागं आणि 'उचलणं' झोपलं.

पण खरी गोष्ट गणिताची नाही, अधिकाराची आहे. या क्षणी कॉलचं काय करता येईल हे कॉल जोडणाऱ्या एक्स्चेंजला ठाऊक असतं, स्क्रीनला नाही. स्क्रीन लिहिणाऱ्यानं ते स्वतःच्या इफ-एल्सनं ('असं असेल तर हे, नाहीतर ते') ताडायचं म्हटलं, की दुसरा कॉल किंवा कॉन्फरन्स आली रे आली की तर्क चुकलाच. सिस्कोच्या सीटीआय ओएस या कॉल सेंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणूनच बटणांचा मास्क, म्हणजे हाच आकडा, सर्व्हरकडून येई. एजंटच्या स्क्रीननं फक्त तो वाचून बटणं रंगवायची.

मग सॉफ्टफोन, म्हणजे स्क्रीनवरचा फोन, ब्राउझरमध्ये आला. ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेत बिटांचा हिशेब 32 बिटांत, तोही अधिक-उणे चिन्हासकट होतो. सगळ्यात वरचा, बत्तिसावा बिट एकटा तपासला की आकडा थेट -2147483648. 'शून्यापेक्षा मोठा आहे का' असं तपासणारा कोड तिथं गप्प बसतो. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय. सिस्कोच्याच फिनेस या ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे आकड्याऐवजी चक्क नावंच येऊ लागली: होल्ड, ड्रॉप. निरोप लांबला, पण लॉग, म्हणजे यंत्रणेच्या नोंदी, वाचताना डोकं धरावं लागत नाही.

भाचीची दुसरी तक्रार: "होल्ड चालू दिसत होतं, दाबलं तर एरर!" ग्राहकानं फोन ठेवला होता आणि नवा मास्क अजून वाटेत होता. अशा वेळी सर्व्हर विनंती परतवून लावतो, ती एरर त्याचीच.